हाताचा जोर कमी झाल्यास कोणती नस दुखावली असावी, हे घरी कसे ताडावे

ठाण्याहून लोकलने रोज ये-जा करणाऱ्या आमच्यासारख्यांना "सॅक पुढे घ्या" ही सूचना गर्दीमुळे ऐकावी लागते. परंतु जड सॅकच्या पट्ट्यांनी खांद्याजवळच्या नसाही (म्हणजे मज्जातंतू, रक्तवाहिन्या नव्हेत) दबू शकतात. हात अचानक लुळा पडून तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळले, तर पुढील काहीही न करता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

एरवी सदरा काढून आरशासमोर उभे राहावे, घरातील कोणाला तरी पाठीमागे उभे करावे आणि प्रत्येक हालचाल दोन्ही बाजूंनी करून तुलना करावी. मानेतील पाचवी ते आठवी आणि छातीतील पहिली, अशा 5 नसांच्या मुळांपासून ब्रेकियल प्लेक्सस हे जाळे बनते व खांद्याच्या आणि दंडाच्या बहुतेक स्नायूंना तेथूनच फाटे जातात.

प्रथम दोन्ही तळवे भिंतीवर टेकवून भिंत ढकलावी. एका बाजूचे फऱ्याचे हाड पंखासारखे बाहेर आले, तर सेरेटस अँटेरियर या स्नायूची लाँग थोरॅसिक नस दुखावली असण्याची शक्यता असते. सॅकवाल्यांनी ही चाचणी टाळू नये.

नंतर हात बाजूने वर उचलावा. उचलण्याची सुरुवात सुप्रास्कॅप्युलर नसेच्या स्नायूवर बरीचशी अवलंबून असते, तर पुढचा भार अ‍ॅक्झिलरी नसेवर चालणारा डेल्टॉइड हा खांद्यावरचा स्नायू घेतो. खांदा निखळल्यानंतर हीच नस अनेकदा दुखावते आणि दंडाच्या वरच्या बाहेरील भागावर बधिरता येते.

तळहात वर ठेवून, मदतनीसाच्या विरोधात कोपर वाकवताना बेटकुळी नीट येत नसेल, तर मस्क्युलोक्युटेनियस नसेचा विचार करावा. कोपर सरळ करण्याचे आणि मनगट उचलण्याचे काम रेडियल नसेचे आहे. खुर्चीच्या पाठीवर हात टाकून झोपलेल्या माणसाचे मनगट सकाळी लोंबते, पण कोपर मात्र सरळ होते, कारण कोपर सरळ करणाऱ्या ट्रायसेप्स या दंडामागच्या स्नायूचे फाटे दाबाच्या जागेच्या वरच फुटलेले असतात.

जोर कमी पडणे आणि दुखण्यामुळे जोर न लावणे यांत गल्लत करू नये. खांद्यातील स्नायुबंध फाटल्यासही हात उचलत नाही. निरीक्षणे तारखेसह लिहून डॉक्टरांना दाखवावीत. नसेची विद्युत तपासणी ते बहुधा सुमारे 3 आठवड्यांनी सांगतात, कारण स्नायूतील बदल त्याआधी पुरते उमटत नाहीत.