गाडीला स्पंज लावण्याआधी

काळ्या मातीच्या पांदणीतून आलेल्या गाडीवर सरळ स्पंज फिरवू नका. वाळलेल्या चिखलात बारीक रेती असते. सपाट स्पंजाला ती पोटात घेता येत नाही. ती पत्रा अन् स्पंजाच्या मधेच घासत राहते आणि रंगावर गोल ओरखडे उठतात. पांढऱ्या गाडीवर ते लपतात, काळ्या गाडीवर उन्हात लगेच दिसतात. म्हणून आधी भरपूर पाणी मारा, चिखल भिजून ओघळू द्या.

मग मायक्रोफायबरचा, जाड शेवयांसारख्या झुपक्यांचा हातमोजा वापरा. रेती झुपक्यांच्या आत जाते, पत्र्यापासून लांब राहते. विकत घेताना हात आत घालून पाहा, कडक लेबल असेल तर कापून टाका. जुना स्पंज फक्त चाकांना आणि मडगार्डला. तो बोनेटवर चढवायचा नाही.

बादल्या दोन ठेवा: एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. एक दार झालं की हातमोजा आधी साध्या पाण्यात खळखळून घ्या. खाली पडला तर, हात जोडतो, तसाच उचलून लावू नका.

हातमोजा धुताना सुती कपड्यांत टाकू नका, कापसाचे तंतू मायक्रोफायबरला चिकटून बसतात. कोमट पाणी, थोडं लिक्विड साबण पुरे. कपडे मऊ करायचं लिक्विड अजिबात नको, त्याचा थर बसून मोजा मळ धरेनासा होतो. बोअरचं पाणी जड असेल तर मोजा वाळून ताठ होतो. शेवटी एखादा तांब्या फिल्टरचं पाणी घाला. तोंड खाली करून सावलीत टांगा.