मऊ माती आणि खाणगाळ यांची जलवाहकता कशी काढावी

अथणी-रायबागकडच्या काळ्या मातीत शेततळे खोदताना, किंवा बेळगावात बॉक्साइटपासून ॲल्युमिना काढल्यावर उरणाऱ्या लाल गाळाचा साठा आखताना, तळातून पाणी किती झिरपेल हे आधी ठरवावे लागते; त्यासाठी जलवाहकता, म्हणजे मातीतून पाणी किती वेगाने झिरपू शकते याचे माप, लागते. मऊ माती दाबाखाली बसते आणि तिच्यातील पोकळी घटत जाते, म्हणून कोणत्या पोकळी गुणोत्तराला (पोकळीचे घनफळ भागिले घन कणांचे घनफळ) मोजली हे न लिहिलेली जलवाहकता माझ्या मते आराखड्यात घेऊच नये. कणांच्या आकारावरून जलवाहकता काढणारे, वाळूसाठी केलेले हेझनचे सूत्र येथे लावू नये.

घनीकरण चाचणीच्या (भाराखाली माती किती बसते हे पाहणारी चाचणी) 60 मिमी व्यासाच्या कड्यात 20 मिमी जाडीचा संपृक्त, म्हणजे पोकळी पाण्याने पूर्ण भरलेला, नमुना घ्यावा, त्यावर पहिला भार ठेवून तो बसण्याचे थांबेपर्यंत वाट पाहावी आणि मगच 6 मिमी व्यासाची उभी नळी जोडून पाण्याची घटती पातळी नोंदवावी. नळी व नमुना यांच्या क्षेत्रफळांचे गुणोत्तर 0.01 येते. त्याला नमुन्याच्या जाडीने आणि सुरुवातीच्या व शेवटच्या उंचीच्या गुणोत्तराच्या नैसर्गिक लॉगॅरिथमने गुणून लागलेल्या वेळाच्या सेकंदांनी भागावे. जाडी 2 सेंमी असताना 24 तासांत पातळी 50 वरून 45 सेंमीवर आली, तर जलवाहकता सुमारे 2.4×10⁻⁸ सेंमी प्रति सेकंद निघते. पातळी इतकी संथ उतरत असताना उन्हाळ्यात नळीतून उडून जाणारे पाणीही हिशेब बिघडवते, म्हणून शेजारी तळ बंद केलेली तशीच नळी भरून ठेवावी आणि तिच्यातील घट वजा करावी.

हीच मोजणी भार दुप्पट करत चार-पाच वेळा करावी. संपृक्त नमुन्याचे पोकळी गुणोत्तर म्हणजे पाण्याचे प्रमाण (पाण्याचे वजन भागिले कोरड्या कणांचे वजन) गुणिले कणांची विशिष्ट घनता. लाल गाळात लोहाचे ऑक्साइड भरपूर असल्याने ही घनता सामान्य मातीसारखी 2.65 गृहीत न धरता मोजूनच घ्यावी. हा गाळ तीव्र अल्कधर्मी असतो, तेव्हा हातमोजे घालावेत आणि नळीत शक्यतो त्याच साठ्यातील द्रव वापरावा, कारण साध्या पाण्याने कणांची गुंफण बदलू शकते. पोकळी गुणोत्तर आणि जलवाहकतेचा लॉगॅरिथम यांचा आलेख बहुधा सरळ रेषेजवळ येतो. साठ्यातील प्रत्येक खोलीच्या दाबाला येणारे पोकळी गुणोत्तर धरून त्या आलेखावरून जलवाहकतेचे मूल्य घ्यावे.

काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि कड्यातल्या लहान नमुन्यात त्या येत नाहीत, म्हणून शेततळ्यासाठी जागेवर खड्डा भरून पाणी किती उतरते तेही पाहावे. थरांत साचलेल्या खाणगाळात आडवी जलवाहकता उभीपेक्षा कितीतरी जास्त असू शकते, त्यामुळे बांधाजवळचे नमुने दोन्ही दिशांनी कापून तपासावेत.