पंचांचा वाद आणि पाळकाची भेटवही

नवापूर-नंदुरबारकडच्या ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) कारभार पाहणाऱ्या पंचांमध्ये वाद पेटला की पाळकांचा (पास्टरांचा) फोन दिवसभर वाजत राहतो आणि आजारी म्हातारीची भेट राहून जाते. पाळकहो, वादासाठी आठवड्यातली एकच संध्याकाळ ठेवा, सगळ्यांसमोर, इतिवृत्त लिहून. बाकीचे दिवस भेटवहीचे, म्हणजे ज्यांच्या घरी भेटीला जायचं त्यांच्या यादीचे: ऊसतोडीला गेलेल्यांचे मागे राहिलेले म्हातारे, बाळंतीण, दुःखातलं घर. दोन्ही गटांच्या घरी जा. तिथे वादाचा विषय निघाला तर ‘ते बैठकीत बोलू’ म्हणा आणि प्रार्थनेला बसा. जड जातं, पण कराच. भांडण हिशेबाचं असेल तर स्वतः निवाडा करू नका. बायबलमध्ये, प्रेषितांची कृत्ये, अध्याय ६ मध्ये विधवांच्या रोजच्या वाटणीवरून कुरकुर झाली, तेव्हा सात जण नेमले गेले. तुम्हीही दोन्ही बाजूंना चालतील असे तिघे निवडून घ्या.