गावच्या शेतीची नुकसानभरपाई : मुंबईकर खातेदारांसाठी मार्गदर्शन

नोकरी मुंबईत आणि सातबारा गावी, अशी कुटुंबे लालबागपासून विरारपर्यंत आहेत. अतिवृष्टी, पूर किंवा चक्रीवादळाने पीक गेल्यास शासनाची मदत त्यांनाही मिळते. मात्र ती अडते ती बहुधा नुकसानीच्या मोजमापात नव्हे, तर नावांच्या घोळात. म्हणून आपत्ती येण्याआधीच सातबारा काढून पाहावा. आजोबांचे नाव अजून कमी झाले नसेल, तर वारसनोंदीचा अर्ज लगेच करावा, कारण मदत जाहीर झाल्यावर हे काम वेळेत उरकत नाही. कोकणात एकेका सातबाऱ्यावर पंधरा-वीस सामाईक खातेदार असतात. अशा वेळी रक्कम एकाच्या खात्यात जमा करण्यासाठी इतरांचे संमतीपत्र मागितले जाते, आणि सगळ्यांच्या सह्या गोळा करायला गणपतीत भावकी एकत्र येते तेव्हाच जमते. त्याच मुक्कामात ई-पीक पाहणीही (मोबाइल ॲपवर आपल्या पिकाची नोंद) उरकावी, कारण पिकाचा फोटो शेतात उभे राहूनच काढावा लागतो.

नुकसान झाल्यावर तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक संयुक्त पंचनामा करतात. त्या वेळी घरचे कोणीतरी बांधावर हजर असावे आणि गट क्रमांक, पीक व बाधित क्षेत्र बरोबर लिहिले गेले आहे का, हे त्याने स्वतः वाचून पाहावे. किमान 33 टक्के नुकसान झाले असेल तरच मदत मिळते. 2022 ते 2026 या काळासाठी ठरलेल्या निकषांनुसार जिरायत पिकांना हेक्टरी 8,500, बागायत पिकांना 17,000 आणि आंबा-काजूसारख्या बहुवार्षिक पिकांना 22,500 रुपये, तेही 2 हेक्टरच्या मर्यादेत, असा दर होता. राज्य शासन प्रसंगी ही मर्यादा वाढवते (2025 च्या अतिवृष्टीत ती 3 हेक्टर होती), त्यामुळे वर्तमानपत्रातल्या मथळ्यावर विसंबू नये; मदत व पुनर्वसन विभागाचा त्या आपत्तीपुरता शासन निर्णय वाचावा.

जनावर दगावल्यास घाईने पुरू नये. पशुवैद्यकीय अधिकाऱ्याकडून शवविच्छेदन करून घ्यावे आणि कानातल्या बिल्ल्यावरचा बारा अंकी क्रमांक दिसेल असा फोटो ठेवावा. दुधाळ गाय-म्हशीसाठी 37,500, बैलासाठी 32,000 आणि शेळी-मेंढीसाठी 4,000 रुपये असा त्याच काळाचा निकष होता.

पंचनाम्यानंतर तहसील कार्यालय याद्या संगणकप्रणालीवर चढवते आणि प्रत्येक लाभार्थ्याला विशिष्ट क्रमांक मिळतो. तो घेऊन आपले सरकार सेवा केंद्रात आधार प्रमाणीकरण करावे लागते. शेतकरी ओळख क्रमांक असणाऱ्यांना 2025 मध्ये यातून सूट मिळाली होती, म्हणून तो काढून ठेवलेला बरा. रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यात थेट येते, आणि नेमका इथेच मुंबईकरांचा गोंधळ होतो. गावच्या जिल्हा बँकेचे पासबुक पुन्हा पुन्हा भरून आणले तरी त्यात काही दिसत नाही, कारण आधार सर्वांत शेवटी जोडलेले असते मुंबईतल्या पगाराच्या खात्याला, आणि पैसे तिथे कधीच जमा झालेले असतात. आधारच्या संकेतस्थळावर जोडलेली बँक पाहता येते.

यादीत नावच नसेल, तर पंचनाम्याची प्रत, सातबारा आणि आधारची प्रत जोडून तहसीलदारांकडे लेखी अर्ज द्यावा आणि आवक शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय परत फिरू नये. पीक विम्याचा दावा ही स्वतंत्र बाब आहे. या यादीत नाव आले म्हणजे विमाही मिळाला, असे समजू नये.