पोतं भरण्याआधी फोन करा: निराधार महिला आणि मुलांच्या संस्थांना मदत कशी करावी

दोन दिवाळ्यांपूर्वी आमच्या सोसायटीतून जुन्या कपड्यांची सात पोती भरून आम्ही गावाबाहेरच्या एका महिला आश्रमात नेली. टेम्पोचं भाडंही वर्गणी काढून दिलेलं, त्यामुळे जरा ऐटीतच होतो. तिथल्या ताईंनी चहा पाजला, आभार मानले. मी फारच आग्रह केला तेव्हा पहिलं पोतं माझ्यासमोर सतरंजीवर रिकामं केलं. फॉल सुटलेल्या जरीच्या साड्या, चेन तुटलेल्या जीन्स, एकाच पायाचा मोजा, आणि कुणाच्या तरी लग्नातली शेरवानी. बायकांच्या आश्रमात शेरवानी!

ताई अजिबात रागावल्या नाहीत. म्हणाल्या, ‘‘इथल्या बहुतेक जणी मनोरुग्ण आहेत हो. साडी सांभाळता येत नाही, पायात अडकून पडतात. आम्हाला पुढून बटणं असलेले सुती गाऊन लागतात. आणि परकर इलॅस्टिकचे. नाडी आम्ही देतच नाही.’’ नाडी का देत नाहीत, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. परतीच्या वाटेवर टेम्पोवाल्याने सांगितलं, की अशी पोती तो दर दिवाळीला नेतो आणि त्यातली निम्मी नंतर भंगारवाल्याकडे पोचवतो. त्याला दोन्ही खेपांचं भाडं मिळतं.

त्यानंतर मी जे शिकलो, ते क्रमाने लिहितो.

१. जवळची संस्था शोधा

महाराष्ट्रात या कामाची परंपरा जुनी आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं ते १८६३ साली. पंडिता रमाबाईंचं शारदा सदन १८८९चं. आजही नावं सहज आठवतात: नगरजवळची डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांची माउली, गिरीश कुलकर्णींनी १९८९मध्ये सुरू केलेलं स्नेहालय, वढू बुद्रुकचं माहेर, मुंबईत कामाठीपुऱ्यातल्या मुलांसाठी १९८६पासून काम करणारी प्रेरणा, सिंधुताई सपकाळांची बालसदनं. रस्त्यावरच्या मनोरुग्णांना बरं करून घरी पोचवणाऱ्या कर्जतच्या श्रद्धा फाउंडेशनचे डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. यांपैकी एखादी संस्था तुमच्या जवळ असेल तर उत्तमच.

पण बातमीत येणाऱ्या संस्थेकडे देणगीदार आपणहून पोचतात. तुमच्या तालुक्यातल्या, पत्र्याच्या छपराखाली वीस मुली सांभाळणाऱ्या संस्थेचं नाव शेजारच्या गल्लीतही ठाऊक नसतं. ती सापडते जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात. जिल्ह्यातल्या नोंदणीकृत बालगृहांची यादी तिथे असते. हिंसाचारातून सुटलेल्या बायकांसाठी सखी वन स्टॉप सेंटर आणि शक्ती सदन (पूर्वीचं स्वाधारगृह) असतं. शहरात महापालिकेची बेघर निवारा केंद्रं असतात आणि ती बहुधा एखादी स्थानिक संस्थाच चालवते. रात्री एसटी स्टँडवर झोपणाऱ्या बाईला पहिलं छप्पर मिळतं ते इथे.

२. कागद बघायला लाजू नका

‘देवाच्या कामात कसला हिशेब’ असं म्हणणारे दोन प्रकारचे असतात, भाबडे आणि लबाड. चांगली संस्था कागद मागितल्यावर खूश होते, कारण ते ठेवण्यात तिने रात्री घालवलेल्या असतात.

बघायचं एवढंच: धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी आणि मागच्या वर्षीचा लेखापरीक्षण झालेला ताळेबंद. मुलं तिथे राहत असतील तर बाल न्याय कायदा, २०१५खालची नोंदणीही हवी. ही नोंदणी ऐच्छिक नाही. तिच्याशिवाय मुलांना ठेवून घेणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख रुपये दंड होऊ शकतो. प्रमाणपत्र बहुतेक वेळा अधीक्षकांच्या खुर्चीमागे टांगलेलं असतं. नसेल तर विचारा. ‘नूतनीकरणाला टाकलंय’ हे उत्तर खरंही असू शकतं, तेव्हा अर्जाची पोच बघा. आणि प्रत्येक मूल बाल कल्याण समितीच्या (मुलाला कुठे ठेवायचं हे ठरवणारी जिल्ह्याची समिती) आदेशाने आलंय का, हेही विचारा. ‘गावाकडून आईबाप आणून सोडतात’ एवढंच ऐकू आलं तर तिथून निघा.

करसवलत हवी असेल तर संस्थेला ८०जीची मान्यता आहे का ते पाहा. अशा संस्थांच्या देणगीवर साधारणपणे निम्म्या रकमेची वजावट मिळते, तीही जुनी करप्रणाली निवडली असेल तरच. दोन हजारांवरची रोख देणगी आणि वस्तुरूप मदत यात धरत नाहीत. नुसती पावती पुरत नाही. संस्था आयकर खात्याकडे देणग्यांचा तपशील भरते आणि मग तुमच्या नावाचं प्रमाणपत्र निघतं. ते मागून घ्या.

३. फोन करा आणि नेमकं विचारा

‘काही हवंय का?’ असं विचारलंत तर ‘तुमच्या मनाला येईल ते द्या’ हेच ऐकाल. घेणाऱ्याला मागायचा संकोच असतो. त्याऐवजी विचारा, ‘‘या महिन्याच्या किराण्यातलं काय कमी पडतंय?’’ किंवा ‘‘औषधाच्या दुकानाची उधारी किती आहे?’’

याद्या बघितल्यात तर थक्क व्हाल. सॅनिटरी पॅड, मोठ्यांचे डायपर, नवीन अंतर्वस्त्रं (मापं विचारून, आणि जुनी चुकूनही नाही), उवांचं औषध, फिनेल, रबरी चादरी, झटक्यांच्या आणि मानसिक आजारांच्या गोळ्या. मुलांच्या संस्थेत जूनमध्ये वह्या आणि गणवेश लागतात. खरी ओढाताण सुरू होते ऑगस्टनंतर, पहिली चप्पल तुटते तेव्हा. शाळा सुरू होताना चार देणगीदारांकडून दप्तरं येतात आणि एकेका मुलाकडे तीन होतात. नोव्हेंबरमध्ये कंपासपेटी द्यायला कुणी फिरकत नाही.

जुने कपडे द्यायचेच असतील तर धुऊन, इस्त्री करून, मापाप्रमाणे वेगळे करून द्या. कसोटी सोपी आहे: हे कपडे तुम्ही स्वतःच्या भाचीला द्याल का?

४. वाढदिवसाचं जेवण, पण जरा थांबून

बहुतेक संस्थांत भिंतीवर अन्नदानाच्या तिथींचा फळा असतो. पितृपंधरवड्यात आणि दिवाळीत तो गच्च भरतो. एका बालगृहात मी सलग चौथ्या दिवशी श्रीखंडपुरी घेऊन गेलेलो माणूस आहे. मुलं गप्प बसून पुरीचे तुकडे करत होती. एका मुलाने मावशींना हळूच विचारलं, ‘‘उद्या आमटीभात आहे ना?’’

त्यामुळे तिथी राखायची असेल तर आधी फळ्यावरच्या मोकळ्या तारखा विचारा आणि जेवणाऐवजी त्या दिवसाच्या भाजी-दुधाचे पैसे द्या. आजोबांचं श्राद्ध मार्चमधल्या एखाद्या रिकाम्या मंगळवारी घातलंत तर आजोबा रागावणार नाहीत. केक कापायला स्वतःच्या मुलाला घेऊन जात असाल तर तेही पुन्हा एकदा तपासा. ज्यांना स्वतःची जन्मतारीख माहीत नाही, अशी चाळीस मुलं समोर टाळ्या वाजवत उभी असतात.

फोटो काढू नका. हा शिष्टाचार तर आहेच, कायदाही आहे. संरक्षणाखाली असलेल्या मुलाची ओळख उघड होईल असं काही प्रसिद्ध केलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड आहे. नवऱ्याला चुकवून आलेल्या बाईचा चेहरा तुमच्या व्हॉट्सॲप स्टेटसवरून नेमका कुठे पोचेल, ते तुम्हाला कळणारही नाही.

५. दर महिन्याला थोडे पैसे

सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे आणि सगळ्यात कंटाळवाणंही.

संस्थेला इमारत बांधून देणारे भेटतात, कारण इमारतीवर पाटी लागते. कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा) निधी येतो तोही एखाद्या ठरलेल्या प्रकल्पासाठी: संगणक, सौरदिवे, पाणी शुद्ध करायचं यंत्र. पण रात्री दोन वाजता बिछाना ओला केलेल्या मुलीला उठवून तिचे कपडे बदलणाऱ्या मावशींचा पगार कोण देणार? वीजबिल, गॅस, दवाखान्याची रिक्षा? त्यावर कुणाचंही नाव कोरता येत नाही, म्हणून त्याला कुणी पैसे देत नाही. मावशी पगार थकला की निघून जातात. मग मुलांना आणखी एक माणूस सोडून गेलेलं असतं.

म्हणून रक्कम लहान ठेवा, पण दर महिन्याला द्या. पाचशे रुपयांचं ऑटोपे बँकेतून किंवा यूपीआयवरून लावा. आमच्या इमारतीतल्या बारा घरांनी तसं केलं. महिन्याचे सहा हजार, वर्षाचे बहात्तर हजार. ती सात पोती आणि टेम्पो यांच्यापेक्षा हे कितीतरी पुढे गेलं. पैसे देताना पत्रात लिहा, की ही देणगी पगार आणि दैनंदिन खर्चासाठीही वापरता येईल. तेवढ्या एका वाक्याने हिशेब लिहिणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. पैसे संस्थेच्या नावाच्या खात्यातच भरा, कुणाच्या खासगी नंबरवर पाठवू नका.

६. वेळ द्यायचा असेल तर

‘मुलांशी खेळायला येऊ का?’ असं विचारणारे खूप असतात. दोन रविवार येतात, मुलांना लळा लावतात आणि परीक्षा, लग्न, बदली यांत नाहीसे होतात. सहा महिने दर शनिवारी जमणार असेल तरच मुलांमध्ये जा. ओळखपत्र मागितलं, पोलीस पडताळणी करायला सांगितली, मुलांसोबत एकटं बसू दिलं नाही, तर अपमान वाटून घेऊ नका. जिथे असं काहीच विचारत नाहीत, काळजी तिथली करावी.

इतका नेम जमत नसेल तर हातातलं कौशल्य द्या. टॅली येणाऱ्याने महिन्यातून एकदा वाउचर लावून द्यावीत. दंतवैद्याने वर्षातून दोनदा दात तपासावेत. आणि सेतू कार्यालयाच्या रांगेची सवय असलेला निवृत्त माणूस तर या संस्थांसाठी सोन्याचा. अठरा वर्षं पूर्ण झाली की मुलांना बालगृह सोडावं लागतं. पुढे एकवीसपर्यंत अनुरक्षणगृहाचा आधार असतो, पण त्या जागा मोजक्याच. तोवर हातात आधार कार्ड, बँकखातं, रहिवासी दाखला आणि अनाथ प्रमाणपत्र नसेल तर मूल कोरडं बाहेर पडतं. महाराष्ट्रात २०१८पासून अनाथांना शिक्षणात आणि सरकारी नोकरीत एक टक्का आरक्षण आहे. त्याचा उपयोग हे प्रमाणपत्र असेल तरच. कागदांची फाइल घेऊन चार खेटे घालणारा काका एखाद्या मुलीचं नर्सिंग कॉलेज वाचवू शकतो.

७. मूल संस्थेत जाण्याआधी

बालगृहातल्या कितीतरी मुलांना आई असते. ती धुणीभांडी करते, रात्री मुलाला ठेवायला जागा नसते, म्हणून ते तिथे येतं. अशा आईला महाराष्ट्र शासनाची बालसंगोपन योजना लागू होऊ शकते. त्यात मुलामागे महिन्याला २२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात जातो आणि मंजुरी बाल कल्याण समिती देते. तुमच्या कामवाल्या ताई विधवा किंवा एकट्या असतील तर त्यांच्यासोबत एक सकाळ जा. पतीचा मृत्यूचा दाखला, मुलांचं शाळेचं बोनाफाइड, उत्पन्नाचा दाखला हे आधी गोळा करून ठेवा, नाहीतर तीच चक्कर तीनदा होते.

रस्त्यावर एकटं मूल दिसलं तर १०९८ फिरवा. टाकून दिलेलं बाळ सापडलं तर घरी ठेवून घेऊ नका. चोवीस तासांच्या आत ते यंत्रणेकडे पोचवणं बंधनकारक आहे, आणि दत्तकाचा रस्ता फक्त ‘कारा’ या केंद्रीय दत्तक संस्थेच्या नोंदणीतूनच जातो. बाईसाठी १८१. भ्रमिष्ट अवस्थेत फिरणाऱ्या बाईला संरक्षणात घेऊन दवाखान्यापर्यंत नेणं हे २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे पोलिसांचं कर्तव्य आहे. ११२वर हे शांतपणे, पण ठामपणे सांगा.

८. परदेशातून पाठवताना

भारतीय पासपोर्ट असेल तर नेहमीच्या बँकमार्गाने दिलेली देणगी परदेशी धरत नाहीत. पासपोर्टची प्रत जोडून पाठवा. ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेले भारतीय वंशाचे) असाल किंवा तिकडच्या मंडळाच्या खात्यातून पाठवणार असाल तर संस्थेकडे एफसीआरए (परदेशी देणगी घेण्याच्या कायद्याखालची) नोंदणी हवी, आणि रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या तिच्या खात्यातच जायला हवी. बहुतेक लहान संस्थांकडे ही नोंदणी नसते. अशा वेळी ‘करू काहीतरी’ म्हणून भावाच्या खात्यातून फिरवाफिरवी करू नका, त्यात भरडली जाते ती संस्था.

त्या आश्रमातल्या ताईंना मी आता दर महिन्याच्या पंचवीस तारखेला फोन करतो. मागच्या वेळी म्हणाल्या, ‘‘गाऊन पुरेत आता. बाथरूमच्या कड्या दोन्ही बाजूंनी उघडतील अशा बसवून देणारा सुतार आहे का कुणी ओळखीचा?’’ होता. शुक्रवारी जातोय.