मुलीचं जुनं नाव ठेवताय? आधी पूर्ण नाव लिहून पाहा

मुक्ता, गिरिजा, यमुना, रुक्मिणी ही नावं गोडच. पण एकट्या नावावर भाळून निवड केली की पुढे दाखल्यावर अडतं.

१. पूर्ण नाव चारदा मोठ्याने म्हणा. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाचं नाव राज्यात बाळ, आई, वडील, आडनाव या क्रमाने लागतं. म्हणजे मधली नावं आता दोन. ‘सुमन नलिनी नरेंद्र पाटील’ म्हणताना ‘न’ला ‘न’ अडखळतो; ‘गिरिजा नलिनी नरेंद्र पाटील’ सरळ जातं.

२. नावात ‘ळ’ आहे का ते बघा. आपल्या खान्देशात अहिराणी आणि लेवा बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो, मंगळाची घरोघरी ‘मंगया’ होते. ते प्रेमाचंच आहे, पण नको असेल तर मंगला ठेवा.

३. इंग्रजी स्पेलिंग सगळ्यात साधं घ्या. गिरिजाला दोन्हीकडे एकच ‘आय’, डबल ‘ई’ नको. मुक्ताच्या शेवटी एकच ‘ए’. आडनाव मात्र वडिलांच्या आधारप्रमाणेच: चौधरीच्या शेवटी ‘आय’ की ‘वाय’, हे आधी पाहून घ्या. मराठीतही रुक्मिणीचा ‘रु’ आणि ‘मि’ ऱ्हस्व, ‘णी’ दीर्घ.

घाई नको. जन्माची नोंद २१ दिवसांत करा. नाव नोंदणीपासून १२ महिन्यांत विनाशुल्क घालता येतं.

सही करण्याआधी मराठी आणि इंग्रजी दोन्ही नोंदी अक्षर-अक्षर वाचा. दाखल्यावरची चूक तशीच शाळेत, आधारवर आणि पासपोर्टवर उतरते.