खडा फुटल्यानंतर औषधांच्या बाबतीत या चुका टाळा

मशीनने, म्हणजे ध्वनिलहरींच्या माऱ्याने, मुतखडा फोडून झाला की बहुतेक रुग्ण आजार संपला असे समजतात. प्रत्यक्षात त्या दिवशी खड्याचे फक्त तुकडे झालेले असतात आणि ते जेमतेम तीन-चार मिलिमीटरच्या मूत्रनलिकेतून खाली उतरायचे बाकी असतात. त्यासाठी डॉक्टर अनेकदा टॅम्सुलोसिनची ०.४ मिलिग्रॅमची कॅप्सूल रोज एक अशी काही आठवडे देतात. ती खडा विरघळवत नाही; नलिकेचे स्नायू सैल करून तुकड्यांची वाट मोकळी करते.

औषधाच्या दुकानात वीस वर्षे बसून मी सर्वाधिक वेळा पाहिलेली चूक म्हणजे कळ थांबली की कॅप्सूल आणि तपासणी दोन्ही सोडून देणे. आमच्या गावातील एक शेतकरी काका खडा फोडून आले, चार दिवसांत लघवीतून वाळूसारखा चुरा पडला, दुखणे थांबले आणि ते थेट कांद्याच्या काढणीला लागले. दोन आठवड्यांनी सांगितलेला एक्स-रे त्यांनी काढलाच नाही. तिसऱ्या आठवड्यात त्यांचा मुलगा तापाची गोळी मागायला आला, तेव्हा त्याच्या पिशवीत दहाची पट्टी होती आणि तिच्यातील सहा कॅप्सूल जशाच्या तशा होत्या. वडिलांना हुडहुडी भरून ताप येतो आहे, हे ऐकल्यावर मी गोळी दिली नाही. त्यांना त्याच क्षणी रुग्णालयात न्यायला सांगितले. तुकडे नलिकेत एकामागे एक अडकून त्यांची रांग लागली होती, वर तुंबलेल्या लघवीत जंतुसंसर्ग झाला होता आणि त्याच रात्री स्टेंट, म्हणजे लघवीची वाट मोकळी ठेवणारी बारीक नळी, टाकावा लागला. कॅप्सूल सोडल्यामुळेच हे घडले असे मी म्हणणार नाही, पण वेळेवर एक्स-रे झाला असता तर अडथळा ताप येण्यापूर्वीच दिसला असता. दुखणे थांबले म्हणजे वाट मोकळी झाली असे होत नाही, आणि खडा फोडल्यानंतर थंडी वाजून आलेला ताप घरी गोळी देऊन दाबायचा नसतो.

दुसरी चूक चक्कर येऊ शकते हे विसरण्याची. या कॅप्सूलने रक्तदाब उतरू शकतो, म्हणून पहाटे अंथरुणातून एकदम उठू नये. आधी काठावर मिनिटभर बसावे. मी ती रोज रात्रीच्या जेवणानंतर अर्ध्या तासाने घ्यायला सांगतो. रक्तदाबाच्या किंवा लैंगिक शक्तीच्या गोळ्या चालू असतील, तर ते डॉक्टरांपासून लपवू नये. मोतीबिंदूचे ऑपरेशन ठरले असेल, तर नेत्रतज्ज्ञांना या औषधाची कल्पना आधीच द्यावी. पुरुषांमध्ये या काळात वीर्य कमी येऊ शकते. औषध थांबल्यावर ते सहसा पूर्ववत होते, पण हे कोणी आधी सांगत नाही आणि माणसे घाबरून औषध टाकून देतात.

कॅप्सूल फोडून किंवा चावून घेऊ नये. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मनाने वाढवू नये, ते मूत्रपिंडालाच त्रासदायक ठरू शकते. शेजाऱ्याची उरलेली पट्टी वापरू नये. कुळथाच्या काढ्याला माझा विरोध नाही. विरोध आहे तो काढा औषधाच्या जागी घेण्याला.

लवकर मोकळे होण्याची घाई असलेले लोक पडलेले तुकडे वाहून जाऊ देतात, याचे मला फार वाईट वाटते. मी प्रत्येकाला लघवी जुन्या चहाच्या गाळणीतून गाळायला, तुकडे वाळवून छोट्या डबीत ठेवायला आणि डॉक्टरांना विचारून प्रयोगशाळेत द्यायला सांगतो. खडा युरिक ॲसिडचा निघाला, तर सायट्रेटचे औषध लघवीची आम्लता कमी करून उरलेले तुकडे विरघळवू शकते. कॅल्शियम ऑक्झॅलेटचा निघाला, तर त्याच औषधाने ते विरघळत नाहीत.